शकूर मिस्त्रीचा हात आणि नवा दिवा

मलकापुरात स्टेशनाच्या पलीकडच्या आळीत राहणारा तुळशीराम मशीनवाला खाटेवर बसायचा, तर आधी खाटेचे चारही पाय हलवून पाहायचा. खाट स्वतःच्या घरची, झोपायचा रोज तिच्यावरच, तरी रोज पाहायचा. चहा आला की आधी कपाचा कान ओढून बघायचा. एसटीत चढायचं तर आधी टायरला एक लाथ, मग कंडक्टरच्या दोन शिव्या, मग तिकीट. त्याच्या लग्नात तर अंतरपाट धरलेला, भटजींनी मंगलाष्टकाला तोंड उघडलेलं आणि नवरदेव म्हणाला, "थांबा, हा खांब ढिला आहे." त्याची बायको कोकिळा ही गोष्ट आळीतल्या प्रत्येक नव्या सुनेला सांगायची आणि शेवटी म्हणायची, "खांब ढिलाच होता म्हणा. पण माह्या बापाचं तोंड पाहाले पाह्यजे होतं तवा!"

हे खूळ त्याच्या डोक्यात भरलं उस्तादानं. उस्ताद म्हणजे शकूर मिस्त्री. भगवानरावांच्या चंद्रिका टुरिंग टॉकीजचं मशीन त्यानं वीस वर्षं चालवलं. दिवाळी आटोपली की तंबू, बाकडी, ऑइल इंजिन आणि मशीन लॉरीत घालून टॉकीज निघायची. धाडचा बाजार, सोनाळ्याची यात्रा, मग अशीच गावोगाव पार मृगापर्यंत. अकरा वर्षं तुळशीराम उस्तादाच्या उजव्या अंगाला उभा होता. "नजर झूठ बोलती है," उस्ताद म्हणायचा, "हाथ लगा के देख." म्हणून तुळशीराम जगाला हात लावून पाहायचा.

शकूर मिस्त्रीची एक रीत होती. पडद्यावर तिरडी आली, चिता आली की तो दिवा आणि मशीन यांच्या मधल्या चार बोटांच्या फटीत आपला डावा तळवा धरायचा. पडदा काळा. तीन श्वास मोजायचे आणि हात काढायचा. यात्रेत पोटुशा बाया येतात, नव्या नवऱ्या येतात, त्यांनी देवदर्शन करून मुडदा कशाला पाहावा, असं त्याचं म्हणणं. त्या फटीत मुळात पत्र्याची झडप होती म्हणे, पण ती कधीच तुटून पडली होती आणि हात असताना नवी बसवायची गरज कोणाला पडली नाही. लोकांनाही सवय झालेली. पडदा काळा झाला की बाया पदर सावरून म्हणायच्या, "मिस्त्रीनं हात धरला, माय. आता पाहू नोको."

आणि मग तो धाडचा बाजार. तंबू खचाखच भरलेला, सहावं रीळ चालू. शकूर मिस्त्री एकाएकी मागच्या पेटीवर बसला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "रीळ पूरी कर, तुळश्या." तुळशीरामनं रीळ पुरं केलं. दहा मिनिटांचं रीळ. कंदील घेऊन वळला तेव्हा उस्ताद तसाच बसलेला होता, डोळे पडद्याकडे, आणि त्यात काही नव्हतं. त्या दहा मिनिटांत तुळशीरामनं इंजिनाचा आवाज दोनदा तपासला होता. उस्तादाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

उस्तादाचा चाळिसावा दिवस होईपर्यंत टॉकीज बंद राहिली. मग पहिला खेळ. पौराणिक चित्र, पाचव्या रिळात चिता. तुळशीरामच्या मनात हात धरायचं नव्हतंच, ते उस्तादाचं काम. पण चिता आली आणि पडदा काळा झाला. तीन श्वास. मग उजेड.

दारावर तिकिटं फाडणारा पुंजाजी धावत मागं आला. "काय केलं बे?"

"मी काई नाई केलं."

"मंग कोणं केलं?"

तुळशीरामचा चेहरा पाहून पुंजाजीनं पायातली चप्पल काढली आणि मशीनला नमस्कार केला. पुंजाजीच्या पोटात गोष्ट टिकली तर अजीर्ण व्हायचं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या तालुक्याला कळलं की शकूर मिस्त्री मेला पण ड्युटी सोडली नाही. त्यानंतर वर्षभर, प्रत्येक गावात, प्रत्येक चितेला पडदा काळा झाला. लोक चित्र पाहायला कमी आणि तो काळोख पाहायला जास्त येऊ लागले.

तुळशीरामला भीती वाटत नव्हती असं नाही. मशीनपाशी उभं राहिलं की मागच्या पेटीवर कोणी बसलंय असं त्याला वाटायचं. तो वळून पाहायचा नाही. जगातली प्रत्येक वस्तू हलवून पाहणारा हा माणूस त्या एका पेटीकडे पाठ करून उभा राहायचा. पण काळोख झाला की त्याच्या छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. उस्ताद आला, म्हणजे त्या दहा मिनिटांचा त्याला राग नाही.

कोकिळेला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. "आहो, तुमच्या हाताले जळक्या केसाचा वास येते. तिकडं मशीन चालवता का कोंबड्या भाजता?"

"दिवा गरम असते वं."

"मंग एकाच हाताले काऊन येते?"

तुळशीराम खाटेचा पाय हलवत होता.

आणखी एक माणूस या काळोखावर जगत होतं. शकूर मिस्त्रीची बायको, बानो चाची. टॉकीज गाव बदलताना मलकापुरात थांबली की तुळशीराम आधी तिच्या दारात जायचा. ती चहा ठेवायची, पदर डोक्यावर नीट ओढायची आणि एकच विचारायची, "आया था?"

"हाव, चाची. आले होते."

"कौनसी रीळ?"

"पाचवी."

मग ती मान हलवायची आणि कपात साखर जरा जास्त पडायची.

चौसष्ट साल लागलं आणि भगवानरावांना उजेडाचं वेड लागलं. राज्य नवं, शाळा नव्या, धरणांच्या गोष्टी नव्या, आणि आपला पडदा तेवढा पिवळा? त्यांनी भुसावळकडच्या एका मोडीत निघालेल्या थेटराचा आर्क दिवा उचलून आणला. पत्र्याचं भलंमोठं घर, त्यात समोरासमोर दोन कार्बनच्या कांड्या. टोकाला टोक लावून जरा दूर केलं की मधे विजेची ठिणगी कायमची पेटून राहते. उघड्या डोळ्यानं पाहिलं तर दिवसभर हिरवं दिसावं असा लख्ख पांढरा उजेड. जुना बल्ब त्याच्यापुढं कंदीलच.

"तुळश्या," भगवानराव खुर्चीतून म्हणाले, "आपल्या मशीनले हा सोसते का, सांग. सोसत असंन तर सोनाळ्याच्या यात्रेले हाच लावायचा. नाई सोसत, तर मशीन भंगारात अन् नागपूरहून नवं. नव्यासंगं त्याहिचा माणूस येते, हेबी ध्यानात ठेव."

"अन् मिस्त्री?"

"कोणता मिस्त्री?"

तुळशीरामनं मशीनकडे हात केला. भगवानराव हसले नाहीत. उलट जरा घाईनं म्हणाले, "त्याहिले भंगारवाला नेत नाई. पण आठ दिवस आहेत. पाहून सांग."

झालं. सोसतं म्हटलं तर उस्ताद राहतो. सोसत नाही म्हटलं तर उस्ताद भंगारात जातो, आणि बानो चाचीच्या प्रश्नाला उत्तर उरत नाही. पण सोसत नसताना सोसतं म्हटलं तर कापडाच्या तंबूत पाचशे माणसं बसलेली. तुळशीरामला 'हाव' म्हणायची एवढी घाई झाली होती की त्याला स्वतःचाच भरवसा वाटेना. म्हणून त्यानं प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायचं ठरवलं. एकदा स्वतःसाठी, एकदा उस्तादासाठी.

कापसाच्या जिनिंगच्या मागं भगवानरावांचं शेड होतं. भर दुपारी तिथं कोणी नसायचं. कपाशीचा तंतू हवेत तरंगत असायचा आणि पत्रे तापून टणटण वाजायचे. तुळशीरामनं पहिल्यांदा जागा पाहिली. नवं घर जुन्या बैठकीवर बसतं का? भोकं जुळत नव्हती, ती त्यानं नवी पाडली. मग कांडीच्या टोकापासून फिल्मच्या खिडकीतून भिंगाच्या मधोमध असं एक सूत ताणलं. सूत दोन जव खाली आलं. त्यानं बैठकीखाली सागाची पट्टी सरकवली. सूत सरळ झालं. पुन्हा ताणलं. पुन्हा सरळ.

मग इंजिन. दिवा दमदार असला तरी त्याला पाजणारा डायनामो तेवढा दमाचा पाहिजे. दिवा लावून एकदम जोखायचं नसतं. उस्तादाची पद्धत होती मिठाच्या पाण्याची. एका पिंपात पाणी, त्यात दोन लोखंडी पत्रे सोडायचे, डायनामोच्या तारा पत्र्यांना जोडायच्या आणि मूठमूठ मीठ टाकत जायचं. मीठ वाढलं की पाणी वीज जास्त ओढतं, दिव्यासारखं. इंजिन किती ओझ्याला कण्हतं ते कानाला कळतं आणि व्होल्टचा काटा किती खाली येतो ते डोळ्याला.

पुंजाजी मीठ टाकायला होता. "तुळश्या, हे इंजिनाची परीक्षा आहे का लोणचं?"

"टाक बे."

चौथ्या मुठीला पाणी उकळू लागलं. वाफ पत्र्यापर्यंत गेली. इंजिनाचा आवाज जाड झाला, पट्टा चुरचुरला, काटा एकशे दहावरून घसरत नव्वदावर आला. तंबूतल्या दिव्यांची माळही डायनामोला जोडून ठेवली होती, ती तुळशीरामनं बंद केली. काटा चढला आणि शंभरावर थांबला. म्हणजे खेळ चालू असताना तंबूत एकही दिवा नको, तरच पुरतं. त्यानं पाण्याकडे पाहिलं. वाफेच्या पलीकडे, शेडच्या कोपऱ्यात पेटी होती. पेटीवर वाफ बसलेली होती, माणूस बसावा तशी.

"पुंजाजी, पेटी कोणं आणली इथं?"

"तूच त आणली सकाळी. हत्यारं आहेत तुही."

तुळशीरामनं पुन्हा तिकडे पाठ केली.

शेवटचं काम उष्णतेचं. यालाही उस्तादाचीच रीत होती. मेणबत्तीच्या मेणाच्या सात गोळ्या करून मशीनवर सात जागी चिकटवायच्या आणि दिवा पेटवायचा. जिथली गोळी आधी गळते तिथं मशीन मरतं. तुळशीरामनं पहिल्यांदा आर्क पेटवला. शेड पांढरं झालं. भिंतीवर दोन सावल्या पडल्या, त्याची आणि पुंजाजीची. तुळशीरामनं मोजल्या. पुंजाजी म्हणाला, "दोनच आहेत. म्याबी मोजल्या."

फिल्मच्या खिडकीजवळची गोळी चौथ्या मिनिटाला वाहून गेली. म्हणजे तिथं फिल्म अडकली तर जळणार. मग त्यानं खिडकीसमोर पत्र्याची दुहेरी ढाल केली, उजेडापुरतं भोक ठेवून, दोन पत्र्यांच्या मधे बोटभर वारा खेळेल अशी, आणि धुराडं हातभर उंच केलं. पुन्हा सात गोळ्या. अर्धा तास सातही जागच्या जागी. जुन्या फिल्मचा तुकडा दोनशेदा फिरवला, डाग नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या गोष्टी पहिल्यापासून परत केल्या. उरली एकच. भुसावळच्या दिव्याचीही झडप तुटलेली होती.

"हे नाई बसवत का?" पुंजाजीनं विचारलं.

"कायले? चिता आली की ते स्वतः हात धरतेत."

पुंजाजीनं मान डोलावली. दोघांनाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

सातव्या दिवशी तुळशीराम भगवानरावांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हाव. सोसते."

सोनाळ्याला दिवेलागणीला पहिला खेळ लागला. पुंजाजीनं भोंग्यावरून सगळ्या यात्रेला सांगितलं होतं की आज चंद्र खाली उतरणार. तंबूतले दिवे विझले, आर्क पेटला आणि पडद्यावरचा देव असा काही उजळला की पुढच्या बाकड्यांवरच्या म्हाताऱ्यांनी हातच जोडले. तुळशीरामचा उजवा हात कांड्यांच्या खुंटीवर होता. कांड्या जळत जातात तशा त्या पुढं सरकवत राहायच्या असतात, क्षणभरही सोडता येत नाही. सूत सरळ. काटा शंभर. मशीनला लावलेली मेणाची गोळी जागेवर. उस्ताद गेल्यापासून पहिल्यांदा त्याला सगळं ठाकठीक वाटलं.

पाचवं रीळ. चिता रचली गेली. बाया पदर सावरू लागल्या. तुळशीरामला पाठीमागं पेटी करकरल्यासारखी वाटली. आता, तो मनात म्हणाला.

पडदा काळा झाला आणि पुढच्याच क्षणाला तंबूत किंकाळी उठली.

पुंजाजी धावत आला तेव्हा पडद्यावर चिता लख्ख जळत होती आणि तुळशीराम जमिनीवर बसला होता, डावा हात उजव्यात धरून. चारही बोटांवरून, पार तळव्यावरून, जळका पट्टा गेला होता. जुन्या बल्बसमोर तीन श्वास निभावणारा हात या दिव्यासमोर एकही निभावला नव्हता.

"हात कायले घातला बे मधी?"

"म्या नाई घातला," तुळशीराम म्हणाला. मग हाताकडे पाहिलं. वर्षभराचा जळक्या केसांचा वास एकदम नाकात आला. हात त्याचाच होता. पहिल्या खेळापासून त्याचाच. उस्ताद एकदाही आला नव्हता.

लोक म्हणाले, मिस्त्री नव्या दिव्यावर कोपला. तुळशीरामनं कोणाला काही सांगितलं नाही. भगवानरावांनी पहाटेच्या जीपनं त्याला मलकापूरला पाठवलं, डॉक्टरनं पट्ट्या बांधल्या आणि तो पट्ट्या बांधलेल्या हातानिशी घरी न जाता बानो चाचीच्या दारात जाऊन उभा राहिला.

चाचीनं पदर ओढला. "आया था?"

तुळशीरामनं हात पुढं केला. "हा माहा हात होता, चाची. सालभर माहाच होता. मले माहीत नव्हतं. खोटं नाई बोललो तुमाले."

चाचीनं त्या पट्ट्यांकडे पाहिलं. बाहेर मालगाडी गेली, तिचे सगळे डबे गेले. मग तिनं विचारलं, "कहाँ से जला?"

तुळशीरामनं पट्टीवरून बोट फिरवलं. चार बोटांवरून आडवं, तळव्यापर्यंत.

"उनका भी यहीं से काला था. बीस साल से. तूने कभी नहीं देखा?"

तुळशीरामनं मान हलवली. नाही. खाटेचे पाय पाहिले, एसटीचे टायर पाहिले, उस्तादाचा तळवा कधी उलटा करून पाहिला नव्हता. त्या दहा मिनिटांतही नाही. तो उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. चाचीनं त्याला रडू दिलं, पण चहा काही ठेवला नाही. तो उठला तेव्हा म्हणाली, "जा. ठीक से देख के आ. फिर पूछूँगी."

मधले दोन दिवस सोनाळ्यात खेळ बंद राहिला. यात्रेच्या शेवटच्या दिवशी तुळशीराम परतला, भगवानरावांकडून पत्रा मागून घेतला आणि दुपारभर बसून एका हातानं त्या फटीसाठी झडप केली. वर बिजागरी आणि स्प्रिंग, खाली लाकडी मूठ, मुठीला दोरी. दोरी ओढली की झडप खाली, सोडली की वर. सहा वेळा ओढून पाहिली, मग आणखी सहा वेळा. दोरी त्यानं उजव्या खांद्यापाशी खिळ्याला टांगली.

"आता कसं बसलं?" पुंजाजी म्हणाला. "आता मिस्त्रीले हात भाजाचं काम नाई."

तुळशीराम हसला नाही. जखमी हात त्यानं गळ्यातल्या उपरण्यात घट्ट बांधून घेतला, गाठ पुंजाजीकडून मारून घेतली आणि गाठ ओढून पाहिली.

खेळ लागला. पाचवं रीळ आलं. उजवा हात कांड्यांच्या खुंटीवर, डावा छातीशी बांधलेला. लाकडं रचली गेली. तुळशीरामच्या डोक्यात आलं, खुंटी क्षणभर सोडून दोरी ओढावी लागेल. मागं पेटी करकरली.

झडप पडली.

पडदा काळा. तंबूत बायांची कुजबुज उठली, "हात धरला, माय." एक श्वास. दोन. तीन. झडप वर गेली. उजेड आला, कांड्या एकसारख्या जळत होत्या आणि उजवा हात, त्याच्या समजुतीप्रमाणे, खुंटीवरच होता. दोरी खांद्यामागं हलत होती की नाही, हे पाहायला नुसती मान वळवायची होती. एवढंसं काम.

तुळशीरामनं मान वळवली नाही. रीळ पुरं केलं.

मलकापूरला चाचीनं दार उघडलं, पदर ओढला. "आया था?"

"हाव."

"देखा?"

"नाई पाह्यलं."

चाचीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आत गेली, चहा घेऊन आली आणि कप पुढं केला. तुळशीरामनं कपाचा कान ओढून न पाहता तो उजव्या हातानं उचलला. साखर बरीच पडली होती.